शाई वाळायच्या आत गाडीत बसणाऱ्या मुंबईकरांना

प्रति,
मुंबईकर ग्रामस्थ मंडळ,
कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे आणि जिथे जिथे आपली माणसं असतील तिथे.

स.न.वि.वि.

मी कोण ते तुम्ही चार ओळींत ओळखाल, म्हणून नाव घालत नाही. गावाचंही नको. पाटण तालुक्यातलं डोंगराला टेकलेलं गाव, यात्रा चैत्रात, एवढी खूण तुम्हाला पुरे. मागच्या खेपेला मी महिला राखीव जागेवरून निवडून आले आणि पाच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होते. त्याआधी अकरा वर्षं तुमच्यातच, कोपरखैरण्यात काढली. ह्यांची पाठ गेली तेव्हा माथाडी टोळीतलं, बाजारात पोती वाहायचं काम सोडून आम्ही गावी आलो. म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलेली बाई आहे मी. तुमच्याकडचं जास्त दाबाने यायचं.

पत्र असं उघड्यावर लिहायची वेळ का आली, तर मंडळाच्या ग्रुपवर दोनदा लिहून बघितलं. पहिल्यांदा खाली एकवीस अंगठे आले आणि पाठोपाठ कुणीतरी शुभ सकाळचा गुलाब टाकला. दुसऱ्यांदा अॅडमिन म्हणाले, "वहिनी, हा ग्रुप गावाच्या कामासाठी आहे, इथे राजकारण नको." गावाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं मी. ते राजकारण आहे हे अॅडमिनना बरोबर कळलं, पण मग ग्रुपवर नको तर कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

आधी निवडणुकीच्या दिवसाची आठवण काढते, कारण त्या दिवशी तुम्ही सगळे होता. पहाटे साडेपाचला पहिली ट्रॅव्हल्स फाट्यावर लागली, आठपर्यंत सात गाड्या झाल्या. मतदारांना फुकट गाडीने आणणं नियमात बसत नाही हे दोन्ही पॅनेलना ठाऊक होतं, म्हणून दोन गाड्यांच्या काचेवर 'लग्नकार्य' असा कागद होता. नवरा-नवरी कुठे आहेत असं पोलीस पाटलांनी हसत विचारलंही. तुम्ही तीनशेच्या वर आला होता. रात्रभर बसून आलेले, डोळे लाल, पण इस्त्रीचे कपडे. शाळेपुढे रांग लावलीत. म्हाताऱ्या काकूंना पुढे जाऊ दिलंत. बोटाची शाई दाखवून फोटो काढलेत. दुपारी मळ्यात मटणाचं जेवण झालं, दोन्ही पॅनेलचं वेगवेगळं, आणि काही जण दोन्हीकडे जेवले तेही मी बघितलं. पाचला गाड्या निघाल्या. शाई वाळायच्या आत तुम्ही कराडच्या पुढे.

सरपंच 41 मतांनी निवडून आला. थेट जनतेतून निवडलेला सरपंच. त्या 41 मधली किती तुमची आणि किती आमची, ते मशीनलाच ठाऊक. पण तुम्ही आला नसता तर निकाल वेगळा लागला असता, यावर गावात दोन्ही पॅनेलचं एकमत आहे. एवढ्या एकाच गोष्टीवर आहे.

आता दुसरा दिवस सांगते. त्या दिवशी तुम्ही नव्हता.

15 ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले, कवायत झाली. सह्यांचं रजिस्टर झेंड्याच्या खांबाजवळच टेबलावर ठेवलेलं, म्हणजे येणारा-जाणारा सही करून मोकळा. ही जुनी युक्ती आहे, मी सदस्य असताना आम्हीही केलेली आहे, खोटं कशाला बोलू. तरी सह्या झाल्या एकसष्ट आणि माणसं बसली त्याच्या निम्मी. आपल्या गावची मतदार यादी 1,140 ची. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे आपण ज्याला कोरम म्हणतो तो, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. आपल्याला 100 लागतात. तासभर वाट बघितली. ग्रामसेवकांनी (2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात ग्रामसेवकच बसलंय) घड्याळ बघितलं आणि सभा तहकूब केली.

आता यातली गंमत नीट ऐका. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही. शंभर माणसं जमली नाहीत म्हणून जी सभा होऊ शकली नाही, ती आठ दिवसांनी एकोणीस माणसांत होऊ शकते, आणि तिथे झालेला ठराव 1,140 लोकांचा ठराव म्हणून कागदावर चढतो. हे बेकायदा नाही. नियमच तसा आहे, आणि नियम करणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता, नाहीतर माणसांअभावी गावाचा कारभारच अडकला असता. पण कोरम न होणं कुणाच्या तरी सोयीचं असतं, हे पाच वर्षं त्या टेबलाच्या पलीकडे बसून मी शिकले.

त्या तहकूब सभेला आम्ही एकोणीस जण होतो. त्यात बायका चार. विषय क्रमांक सहा, मंदिर ते कमान रस्त्याला पेव्हिंग ब्लॉक बसवणे. विषय क्रमांक सात, वरच्या अंगाच्या झऱ्याची दुरुस्ती आणि तिथून टाकीपर्यंत पाइप. वित्त आयोगाचा बंधित निधी, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा पैसा, नळयोजनेच्या देखभालीत गेलेला होता. अबंधित, म्हणजे गावाने ठरवून खर्चायचा, चार लाखांच्या आत शिल्लक होता. दोन्ही कामं त्यात बसत नव्हती, एकच बसत होतं.

झरा तुम्हाला आठवतो ना? लहानपणी ज्यात खेकडे धरायला जायचात तोच. जल जीवनच्या योजनेतून दारोदार नळ आले, निळे पाइप, चकचकीत तोट्या, सगळं आलं. मार्च सरला की त्या तोट्यांतून फुस्स असा आवाज येतो आणि थांबतो. पावसाळ्यात जिथे डोंगर वाहून येतो त्या गावात एप्रिलमध्ये बायका पहाटे चारला झऱ्यावर रांग लावतात. गेल्या वर्षी मी मोबाइलवर वेळ लावून बघितलं, एक हंडा भरायला अकरा मिनिटं. झऱ्याच्या तोंडाशी दगड-माती साठलीय, बाजूने पाणी झिरपून वाया जातं. गवंड्याने बघून सांगितलं, मोठं काम नाही.

मी उठून म्हटलं, सातवा विषय आधी घ्या. सरपंच म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर आहे, पण कमानीला मुंबईकरांनी वर्गणी दिलीय. यात्रेला येतील तर कमानीपासून चिखल तुडवत यायचं का? मुंबईकरांची इच्छा आहे." त्यावर कुणी काही बोललं नाही. तुमच्या इच्छेपुढे गावात कुणी बोलत नाही, तुमच्या वर्गणीवर मंदिराचा कळस चढलाय. सहावा विषय मंजूर. सातवा 'पुढील सभेत घेण्यात यावा'. मी म्हटलं, माझा विरोध प्रोसिडिंगला नोंदवा. ग्रामसेवकांनी मान डोलावली.

दोन महिन्यांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या ठरावाची नक्कल मागितली. मुदत तीस दिवसांची, आली अठ्ठाविसाव्या दिवशी. लिहिलंय, 'सर्वानुमते मंजूर'. खाली सूचक आणि अनुमोदक. अनुमोदक म्हणून आपल्या मंडळातल्या एका भावजींचं नाव आहे. ते त्या दिवशी घणसोलीत होते. सभा चालू होती त्याच वेळी त्यांनी ग्रुपवर मुलीच्या वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला होता, मीही त्याला फुलं पाठवली होती. म्हणजे बघा, तुम्ही ग्रामसभेला नव्हता असं म्हणायचीही सोय राहिली नाही. कागदावर तुम्ही होता, आणि तुम्ही पेव्हिंग ब्लॉकला अनुमोदन दिलं.

मला विचाराल तर सरपंच लबाड नाही. त्याला 41 मतं कुठून आली हे तो विसरलेला नाही, एवढंच. त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही हेच केलं असतं. तुम्ही त्याला निवडलंत, पण काय करायला निवडलंत ते सांगायची जागा मशीनवर नव्हती. मशीनवर नाव असतं आणि चिन्ह असतं. झरा की ब्लॉक, असं बटण नसतं. मग त्याने अंदाज बांधला. यात्रेला येता, कमानीला पैसे देता, तर तुम्हाला रस्ता हवा असणार. चुकीचा तरी कसा म्हणू? तुमच्याकडून त्याने आजवर दुसरं काही ऐकलेलंच नाही.

दिवाळीत मी हे बोलले तेव्हा तुमच्यातल्या एकाने मला सुनावलं. "वहिनी, रात्रभर गाडीत बसून, रजा बुडवून मत द्यायला आलो. मुंबईतले फ्लॅटवाले समोरच्या शाळेत जात नाहीत मतदानाला. आणखी काय करायचं माणसाने?" मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. राग खरा होता. मताला कमी लेखायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. माझ्या आजीच्या आईला मत नव्हतं. इंग्रजांच्या काळात ज्याच्याकडे जमीन, कर, शिक्षण त्यालाच यादीत जागा. प्रत्येक सज्ञान माणसाला मत हवं म्हणून बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे मांडलं ते 1928 साली, आणि ते मिळालं राज्यघटनेबरोबर. तुम्ही रांगेत उभे राहता ते मला आवडतं. मी फक्त एवढंच विचारतेय, की रांगेतून बाहेर आल्यावर काम संपलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कारण तुमच्या धंद्यात तुम्ही असं वागत नाही. ह्यांच्या टोळीत अठरा माणसं होती. मुकादम टोळीनेच ठरवलेला. ट्रक लागला की एखादा गडी लांब उभा राहून म्हणाला का कधी, की मुकादम मी निवडलाय, आता पोती तुम्ही उतरवा, माझं काम झालं? म्हणाला असता तर हिशोबाच्या दिवशी त्याचं काय झालं असतं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही. आणि हिशोब! वाराई म्हणजे माल चढवा-उतरवायची मजुरी किती आली, माथाडी बोर्डाची लेव्ही किती कापली, कोणाच्या नावावर किती खाडे, यावर तुम्ही दोन-दोन तास भांडायचात. अकरा वर्षं मी भिंतीपलीकडून ऐकलंय. तेच तुम्ही गावच्या जमाखर्चाचा कागद कधी हातात धरलेला नाही. तो दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो, लेखापरीक्षणातले आक्षेपही वाचून दाखवायचे असतात. आपल्याकडे वाचून दाखवतात, अगदी इमानदारीने, एकोणीस जणांना.

आणखी मागे जाते. अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला ना फंड होता, ना दवाखाना, ना कामाची शाश्वती. मत मात्र होतं. 1952 साली होतं, 1957 ला होतं, 1962 ला होतं, 1967 ला होतं. माथाडी कायदा झाला 1969 मध्ये, आणि तो निव्वळ मतं टाकून झालेला नाही. संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले, बाजार बंद पडले, तेव्हा झाला. तुमच्या घरातल्या भिंतीवर अण्णासाहेबांचा फोटो आहे तो काही त्यांनी तुम्हाला मतदान करायला शिकवलं म्हणून नाही. अलीकडची गोष्ट घ्या. 2023 मध्ये माथाडी कायद्यात बदल करणारं विधेयक आलं तेव्हा तुमच्या संघटनांनी आंदोलनं केली, उपोषणं झाली. पुढची निवडणूक येऊ दे, तेव्हा बटणातून दाखवू, असं म्हणत तुम्ही घरी बसला नाहीत. तिकडे तुम्हाला सगळं कळतं. खंबाटकी घाट उतरून अलीकडे आलात की मात्र तुम्ही फक्त मतदार होता, आणि यात्रेकरू.

आता एक अवघड मुद्दा, आणि त्यावरून तुम्ही माझ्यावर चिडणार आहात. राज्यघटनेत ग्रामसभेची व्याख्या आहे, 1992 च्या 73व्या दुरुस्तीने आलेली. गावच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ते सगळे मिळून ग्रामसभा. म्हणजे यादीत नाव राहावं म्हणून जेव्हा तुम्ही धडपडता तेव्हा ग्रामसभेचं सभासदत्वही घेता. एक घेतलं आणि एक टाकलं, असं नाही करता येत. कोरमचा आकडा आपल्याला शंभरच असला तरी ते शंभर गाठायचे कोणी? गावात राहणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे. बाकी दुधाच्या, रोजगाराच्या, पोरांच्या शाळेच्या पाठी. तुमची चारशे-साडेचारशे नावं मतदानाच्या दिवशी जिवंत होतात, एरवी कागदावर झोपलेली.

त्यातल्या काहींची नावं दोन्हीकडे आहेत. मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे की मला माहीत आहे. माणसाचं नाव एकाच यादीत असावं आणि ते जिथे तो राहतो तिथे असावं, असा कायदा आहे. 2025 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत दुबार नावांपुढे दोन तारे छापायला घेतले तेव्हा तुमच्या ग्रुपवर जी धावपळ झाली तीही मी वाचली. नाव काढून टाका असं मी म्हणणार नाही. गावाशी तुमची नाळ आहे, उद्या पाठ गेली की तुम्ही इथेच येणार, आम्ही आलो तसे. पण एक ठरवा. तिकडचं ठेवलंत तर नगरसेवकाच्या दारात जा, वॉर्डातल्या गटाराची फाइल बघा. इकडचं ठेवलंत तर इकडच्या सभेला या. दोन्हीकडे बटण दाबायचं आणि दोन्हीकडे बसायचं नाही, हे बरं दिसत नाही.

ग्रामसभा म्हणजे काही देवघर नाही, हे मीच आधी सांगते, नाहीतर तुमच्यातला कोणी शिकलेला पुतण्या सांगेलच. बाबासाहेबांना गावाबद्दल जराही भाबडेपणा नव्हता. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बोलताना त्यांनी गावाला संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची गुहा अशाच अर्थाचं काहीतरी म्हटलंय. आणि ज्यांनी गावकी भोगलीय त्यांना ते वाचून आश्चर्य वाटत नाही. सदस्य असताना मी आपल्या बौद्धवस्तीतल्या एका बाईला म्हटलं, ग्रामसभेला या, वस्तीच्या दिव्यांचा विषय तुम्हीच मांडा. ती म्हणाली, "ताई, मशीनवर दाबलेलं बटण कुणाला दिसत नाही. वर केलेला हात सगळ्यांना दिसतो. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याच शेतावर जायचंय."

मी त्यावर रात्रभर विचार केला. तिचं म्हणणं चूक नव्हतं. मतदानाला पडदा आहे, त्या पडद्याआड ती सरपंचाइतकीच मोठी आहे. ग्रामसभेत पडदा नाही. म्हणून मला मत नको असं कधी वाटणार नाही, आणि म्हणूनच नुसत्या ग्रामसभेवर सगळं सोपवायलाही माझी तयारी नाही. पण एक अनुभवही सांगते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. एका वर्षी आम्ही ती खरोखर घेतली, अंगणवाडीत, बत्तीस बायका. (एरवी ती रजिस्टरातच होते.) त्या दिवशी तीच बाई बोलली. दिव्यांचा ठराव तिथून मुख्य सभेत गेला आणि तिथे हात वर झाले ते तिचा एकटीचा नाही, बत्तीस. एकोणीस जणांत उठलेला हात लक्षात राहतो. दीडशेत उठलेला कोणाचा ते दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. तुम्ही आलात तर तिला तेवढा आडोसा मिळतो.

ग्रामसभेच्या हातात काय असतं, असं विचारणारे बरेच भेटतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडला विचारा. 4 मे 2022 ला त्या गावच्या ग्रामसभेने ठरवलं की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचं, हे आमच्या गावात बंद. कोणत्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होतं हे? कोणत्या उमेदवाराने प्रचारात हा विषय काढला असता? पंधरा दिवसांच्या आत, 17 मेला, राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. शहाणपण खालून वर गेलं. आमच्याकडे माझी जाऊ अजून हळदी-कुंकवाला दाराबाहेर थांबते. तो विषयही मला आणायचाय, पण एकोणीस माणसांत नाही.

दारूचं घ्या. गावातल्या महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्यांनिशी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं, उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. कित्येक गावांत बायकांनी ते केलंय. तेही मतदानच आहे, पण पाच वर्षांनी पंचांग बघून येणारं नाही. बायकांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या तेव्हा आलेलं. रायगडमध्ये 2008 साली महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही यावर 22 गावांतल्या शेतकऱ्यांनी मतदान केलं, तेही आंदोलनाने सरकारला तसं करायला लावलं म्हणून. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचं उदाहरण तुम्ही इतक्यांदा ऐकलं असेल की कान किटले असतील, म्हणून एका ओळीत उरकते. तिथे बहुमताने काही ठरवतच नाहीत, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत बसतात, आणि 2011 मध्ये स्वतःच्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेने मिळवला. आपल्याकडे एवढी जमायची नाही, आपल्याला बोलत बसायचं म्हटलं की भांडण आठवतं.

उलट आपल्याकडे काय सुचतं? मागच्या निवडणुकीच्या आधी मंडळाच्या बैठकीत एकाने मांडलं होतं की निवडणूक कशाला, भाऊबंदकी वाढते, जो मंदिराला जास्त देईल त्याला बिनविरोध करू. टाळ्या पडल्या म्हणे. नशीब, पुढे काही झालं नाही. नाशिक जिल्ह्यात उमराण्याला झालं होतं. मंदिराच्या बांधकामासाठी सरपंचपदाची बोली लागली, 2 कोटी 5 लाखांपर्यंत गेली. जानेवारी 2021 मध्ये निवडणूक आयोगाने उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली. आपण मत म्हणजेच लोकशाही असं म्हणतो ना, मग त्या मताचाही कंटाळा आला की माणूस कुठे पोचतो बघा. मला वाटतं हा कंटाळा तिथूनच येतो. पाच वर्षांत एकदाच गावाशी गाठ पडते आणि ती एकदाची गाठ म्हणजे दोन पॅनेलची मारामारी. अधल्या-मधल्या दिवसांत कधी पाइपावर, दिव्यावर, घरकुलाच्या यादीवर एकत्र बसलोच नाही, तर निवडणूक म्हणजे नुसतं भांडणच वाटणार.

तुमच्या अडचणी मला पाठ आहेत. रजा मिळत नाही, खाडा पडतो, एसटीला गर्दी, पोरांची परीक्षा. वर्षातून चार ग्रामसभा, चारही गाठा असं मी म्हणत नाही. पण एक तारीख अशी आहे की तिला तुमची सबब चालणार नाही. 1 मे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. त्या दिवशी बाजार बंद. यात्रा होऊन गेलेली असते, पोरांना सुट्टी लागलेली असते, निम्मे तुम्ही तसेही गावातच असता, आंब्याखाली खाटा टाकून. त्या दिवशी ग्रामसभा असते. मागच्या वर्षी सभा चालू असताना शाळेमागच्या माळावर तुमच्या क्रिकेटची फायनल चालू होती. लाउडस्पीकरवर धावा ऐकू येत होत्या, आणि आमचा कोरम आठ माणसांनी हुकला.

ज्यांना येणं खरंच जमणार नाही त्यांनी निदान एक करावं. नोटीस सात दिवस आधी निघते, बोर्डावर लागते. तिचा फोटो मी ग्रुपवर टाकीन, अॅडमिनना हे राजकारण वाटलं तरी टाकीन. तो वाचा आणि तुमचं म्हणणं सरपंचाला फोन करून सांगा. कमानीची वर्गणी पाठवताना करता तसा फोन. सभा झाल्यावर ठरावाची नक्कल मागा. मी एकटीने मागितली तर मी भांडकुदळ बाई. चाळीस जणांनी मागितली तर ग्रामसेवक पुढच्या खेपेला अनुमोदकाचं नाव लिहिताना मान वर करून बघतील, माणूस समोर बसलाय का.

येत्या 1 मेची विषयपत्रिका अजून निघायची आहे. झऱ्याचा विषय त्यात घ्या म्हणून मी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. सभा सकाळी साडेनऊला, झेंडावंदनानंतर, शाळेच्या व्हरांड्यात. क्रिकेटवाल्यांना कळवा, फायनल दुपारी ठेवा म्हणावं. गाडीचं भाडं या वेळी कोणतंच पॅनेल देणार नाही, ज्याचं त्याने काढायचं. जेवायला आमच्याकडे या, पिठलं-भाकरी असेल, मटण नाही. हात-पाय धुवायला पाणी लागेल तेवढं आदल्या दिवशीच भरून ठेवते, हंड्याला अकरा मिनिटं धरून. आणि ते घणसोलीचे अनुमोदक भावजी, त्यांना कोणीतरी सोबत घेऊन या. त्यांचा हात वर झालेला मला एकदा प्रत्यक्ष बघायचाय.

आपली,
मागच्या पंचवार्षिकातली सदस्य